आधी फडके स्वच्छ, मग घर

श्रावण लागला की साक्रीच्या घराघरांत कानबाईची लगबग सुरू होते. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते आणि त्याआधीचे चार-आठ दिवस घर धुण्यापुसण्यात जातात. फळीवरची पितळेची भांडी खाली उतरतात, चिंच लावून घासली जातात. जळमटे निघतात, गोधड्या धुतल्या जातात, फरशी दोन-दोनदा पुसली जाते. गावोगावची भाऊबंद मंडळी येणार, रोट होणार, पुरणपोळी आणि खिरीच्या पंगती बसणार. त्याआधी घर लख्ख हवेच.

या धांदलीत दोन वस्तूंकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. एक म्हणजे ओट्याच्या कडेला गोळा होऊन पडलेले ओले मसोते. दुसरी म्हणजे मोरीच्या दाराआड उभा असलेला पोछा. पाऊस लागून राहिल्यापासून तो एकदाही पूर्ण वाळलेला नसतो. याच मसोत्याने सकाळी उतू गेलेले दूध टिपलेले असते, नंतर पोळपाट पुसलेला असतो, दुपारी ओल्या ताटांवरून ते फिरलेले असते आणि मधेच कोणीतरी त्याला हातही पुसलेले असतात. याच पोछ्याने न्हाणीघराचा उंबरठा आणि रांगत्या बाळाची खोली एकाच बादलीतल्या पाण्याने पुसलेली असते.

घर स्वच्छ करणारी वस्तू स्वतः किती स्वच्छ आहे, हा प्रश्न सहसा घरात विचारला जात नाही. पावसाळ्यात तो विचारणे गरजेचे असते. जुलाब-उलट्यांचा त्रास याच दिवसांत वाढतो आणि त्याची झळ सर्वांत आधी लहान मुलांना बसते. केंद्र सरकार पावसाळ्यात लहान मुलांच्या अतिसाराविरुद्ध मोहीम राबवते, ती यामुळेच. अशुद्ध पाणी आणि न धुतलेले हात ही या आजारांची मोठी कारणे. त्यांच्या मागोमाग येणारी, पण सहज हातात असलेली गोष्ट म्हणजे घरातले ओले फडके.

ओलावा, ऊब आणि खरकटे

जिवाणू वाढायला तीन गोष्टी लागतात: ओलावा, ऊब आणि अन्न. मसोत्यात तिन्ही असतात. पाणी असते, पावसाळ्यातली दमट ऊब असते आणि पिठाचे, डाळीचे, दुधाचे, तेलाचे कण धाग्यांत अडकलेले असतात. कापड जितके जाड, तितका आतला ओलावा जास्त वेळ टिकतो. घडी घालून किंवा गोळा करून ठेवलेले फडके वरून कोरडे वाटले, तरी आतून ओलेच असते.

प्रयोगशाळेत, अगदी अनुकूल परिस्थितीत, ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू साधारण दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. या वेगाने एका जिवाणूचे सात तासांत वीस लाखांहून अधिक जिवाणू होतात. घरातल्या फडक्यावर हा वेग इतका नसतो. पण सुरुवातही एका जिवाणूपासून नव्हे, हजारोंपासून होते. रात्री भांडी आवरून झाल्यावर ओट्यावर टाकलेले ओले फडके सकाळी हातात घेतले जाते, तेव्हा त्याला वाढीसाठी सात-आठ तासांची अख्खी रात्र मिळालेली असते.

भांडी घासायच्या स्पंजचा जर्मनीत झालेला एक अभ्यास बराच गाजला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तिथल्या स्वयंपाकघरांतले १४ वापरलेले स्पंज तपासले गेले. काही ठिकाणी स्पंजच्या एका घन सेंटीमीटरमध्ये, म्हणजे साखरेच्या लहान चौकोनी वडीपेक्षाही कमी जागेत, जिवाणूंची संख्या ५४ अब्ज, म्हणजे ५ हजार ४०० कोटींपर्यंत पोहोचली होती. त्यातले सगळेच आजार पसरवणारे नव्हते. मात्र काही जाती अशा होत्या, की त्यांचे जवळचे नातलग प्रतिकारशक्ती कमी झालेल्या माणसाला संसर्ग करू शकतात. जे स्पंज मालक अधूनमधून गरम करून किंवा धुऊन ‘निर्जंतुक’ करत होते, त्यांतही जिवाणू कमी आढळले नाहीत. एकदा साफ केलेला स्पंज पुन्हा ओला आणि खरकटा राहिला, की उरलेले जिवाणू जागा भरून काढतात.

कुबट वास काय सांगतो?

पावसाळ्यात फडक्याला जो कुबट, आंबूस वास येतो, तो पाण्याचा नसतो. जपानमधील संशोधकांनी २०१२ साली या वासाचा माग काढला. नीट न वाळलेल्या कपड्यांवर मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याच्यापासून तयार होणारे एक आम्ल हा वास देते, असे त्यांना आढळले. हाच जिवाणू जर्मनीतल्या स्पंजमध्येही मोठ्या संख्येने होता. निरोगी माणसाला तो सहसा त्रास देत नाही.

मग वासाची काळजी का करायची? कारण वास ही सूचना आहे. कापड बराच वेळ ओले राहिले आणि त्यावर जिवाणूंना वाढायला सवड मिळाली, एवढे तो नक्की सांगतो. शिवाय हा जिवाणू चिवट असून कोरडेपणाही बऱ्यापैकी सोसतो. म्हणूनच वाळलेल्या फडक्याला वास येत नसला, तरी ते पुन्हा ओले होताच वास परत येतो. असे फडके न धुता नुसते वाळवून भागत नाही. साबणाने धुऊन, उकळून आणि मग वाळवूनच ते ताळ्यावर येते. अत्तर किंवा सुगंधी फिनेल टाकून वास झाकता येतो, कारण जात नाही.

उलटही लक्षात ठेवायला हवे: वास येत नाही म्हणजे फडके स्वच्छ आहे, असे नाही. जुलाब घडवणाऱ्या जिवाणूंना ओळखता येईल असा वास असेलच, असे नसते.

एक फडके, दहा कामे

आपल्याकडच्या घरांशी जवळचे वाटावे असे एक सर्वेक्षण मॉरिशसमधून आले. मॉरिशस विद्यापीठातील संशोधकांनी महिनाभर वापरलेली स्वयंपाकघरातली १०० फडकी तपासली आणि २०१८ साली निष्कर्ष मांडले. त्यातल्या ४९ फडक्यांवर जिवाणूंची वाढ आढळली. तीन गोष्टी ठळक दिसल्या. कोरड्या फडक्यांपेक्षा ओल्या फडक्यांवर जिवाणू अधिक होते. भांडी पुसणे, हात पुसणे, ओटा पुसणे, गरम भांडे उतरवणे अशा अनेक कामांना एकच फडके वापरणाऱ्यांकडे ते अधिक होते. आणि घरात माणसे जास्त, मुले जास्त, तिथेही ते अधिक होते. मांसाहार करणाऱ्या घरांतल्या फडक्यांवर आतड्यातले जिवाणू जास्त वेळा सापडले.

हे तिन्ही निष्कर्ष सणाच्या दिवसांतल्या खान्देशी स्वयंपाकघराला लागू पडतात. माणसे जास्त, कामे जास्त आणि हवा दमट.

फडक्यावर जिवाणू असले तरी ते पोटात कसे जातात, याचा उलगडा ब्रिटनमधील एलिझाबेथ स्कॉट आणि सॅली ब्लूमफिल्ड यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून झाला. दूषित फडक्यावरून जिवाणू हातावर येतात, त्या फडक्याने पुसलेल्या पृष्ठभागावर उतरतात आणि तिथून पुढच्या भांड्यावर किंवा बोटांवर जातात. नुसत्या साबणाच्या धुण्याने जिवाणू कमी होतात, पण संपत नाहीत. धुतलेले फडके ओलेच ठेवले, तर उरलेले जिवाणू पुन्हा वाढू लागतात. म्हणजे धुणे आणि वाळवणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. एक सोडले, तर दुसऱ्याचा उपयोग अर्धाच होतो.

कोंबडी किंवा मासे साफ केलेला ओटा ज्या फडक्याने पुसला, त्याच फडक्याने काकडीची ताटली पुसली, की रस्ता पूर्ण झाला. कोंबडी शिजते, त्यामुळे तिच्यातले जिवाणू मरतात. काकडी कोणी शिजवत नाही.

ऊन आणि वारा

फडके वाळवण्यासाठी साक्री तालुक्याला निसर्गाने दोन्ही हातांनी दिले आहे. तालुक्यातील शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरऊर्जा प्रकल्प २०१३ पासून उन्हावर वीज तयार करतो. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच आहे. ज्या ऊन-वाऱ्यावर वीज तयार होते, तेच ऊन-वारा अंगणातल्या दोरीवर फुकट काम करतात.

सूर्यप्रकाशाने जिवाणू मरतात, हे ब्रिटनमधील आर्थर डाऊन्स आणि थॉमस ब्लंट यांनी १८७७ सालीच दाखवून दिले होते. उन्हातले अतिनील किरण जिवाणूंच्या जनुकीय द्रव्यावर आघात करतात, उष्णता आणि कोरडेपणा उरलेले काम करतात. धुळे जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. अशा उन्हात पातळ सुती फडके थोड्याच वेळात कडकडीत वाळते. उन्हाळ्यात या भागातल्या फडक्यांची चिंता तशी कमीच.

जूनपासून चित्र बदलते. तालुक्याच्या पश्चिमेकडे, पिंपळनेरच्या पुढे सह्याद्रीच्या रांगांकडे पाऊस जास्त. पूर्वेकडे, धुळ्याच्या बाजूला तो कमी होत जातो. पश्चिम भागातल्या घरांत फडके दोन-दोन दिवस दमट राहू शकते. अशा वेळी ऊन नसले तरी वारा असतो, हे विसरू नये. फडके घडी न करता पूर्ण पसरून, पडवीत किंवा छपराखाली, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असे टांगावे. खिळ्याला अडकवलेले फडके मधोमध दुमडते आणि दुमड ओली राहते. दोरीवर चिमट्याने लावलेले लवकर वाळते. रात्री पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर पसरले तरी चालते. सकाळीही ते दमट वाटले, तर गरम इस्त्री फिरवावी. इस्त्रीच्या उष्णतेने ओलावा जातो आणि बरेच जिवाणूही मरतात. गॅसच्या शेगडीवर किंवा चुलीच्या तोंडाशी फडके वाळत घालण्याची सवय मात्र घातक आहे. तेलकट कापड क्षणात पेट घेते.

फडके जितके पातळ, तितके ते लवकर वाळते. जाड टर्किश टॉवेलचा तुकडा पाणी भरपूर शोषतो, पण वाळायला दिवस लावतो. पावसाळ्यापुरते तरी स्वयंपाकघरात जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे अधिक बरे.

साडीच्या तुकड्याची ताकद

जुन्या सुती कापडाला आरोग्याच्या इतिहासात मानाचे स्थान आहे. नारू हा रोग एके काळी महाराष्ट्रासह देशातल्या सात राज्यांत होता. पायविहिरींच्या पाण्यातल्या बारीक कीटकांतून नारूची अळी माणसाच्या पोटात जाई. पाणी दुहेरी कापडातून गाळून प्यावे, हा त्यावरचा एक मुख्य उपाय होता. विहिरींची सुधारणा, औषध टाकणे आणि गाळण्याचे फडके यांच्या जोरावर नारू हटला. १९९६ नंतर देशात एकही रुग्ण आढळला नाही आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच धर्तीवर पटकीचा अभ्यास केला. २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घडी घालून चार ते आठ पदरी केलेल्या जुन्या साडीतून तळ्यातले पाणी गाळणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी झाले. पटकीचे जिवाणू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. साडी त्या जीवांनाच अडवते. नव्या साडीपेक्षा वापरून मऊ झालेली साडी चांगली, कारण तिचे धागे सैलावून विणीतली छिद्रे लहान होतात. मात्र गाळल्यावर साडी धुऊन वाळवणे हा त्या पद्धतीचा आवश्यक भाग होता. आजार अडवणारे कापड ओले राहिले, तर तेच आजार साठवू लागते. गाळण्याचे फडके असो की मसोते, नियम एकच.

एका बादलीतले घर

फरशीच्या पोछ्याची गोष्ट थोडी निराळी. बहुतेक घरांत एक बादली पाणी घेतले जाते, त्यात झाकणभर फिनेल पडते आणि पुढच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत तेच पाणी फिरते. दुसऱ्या खोलीनंतर पाणी गढूळ होते. तिसऱ्या खोलीत पोछा पहिल्या दोन खोल्यांची घाण पसरवत असतो. गढूळ पाण्यातली माती आणि चिकटपणा औषधाचा जोर खाऊन टाकतात, त्यामुळे वास फिनेलचा येत राहतो, पण काम फारसे होत नाही.

सरकारी रुग्णालयांत यासाठी तीन बादल्यांची पद्धत सांगितलेली आहे. २०१५ साली सुरू झालेल्या ‘कायाकल्प’ योजनेत रुग्णालयांच्या स्वच्छतेला गुण दिले जातात आणि तीन बादल्या आहेत की नाहीत, हेही त्यात पाहिले जाते. त्यामागचे तत्त्व सोपे आहे: मळलेला पोछा स्वच्छ द्रावणात थेट बुडवायचा नाही. आधी तो वेगळ्या साध्या पाण्यात खळबळून पिळायचा, मगच औषधाच्या बादलीत घालायचा.

घरी तीन बादल्यांची गरज नाही, दोन पुरतात. एकीत साबणाचे किंवा औषधाचे पाणी, दुसरीत मळ काढायचे साधे पाणी. पण उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते, तेव्हा दोन बादल्याही जड वाटतात. त्यासाठी आणखी एक पद्धत आहे. जुन्या कापडाचे पाच-सहा तुकडे अर्ध्या बादलीतल्या स्वच्छ साबणाच्या पाण्यात एकदाच भिजवून पिळून घ्यावेत. प्रत्येक खोलीला एक तुकडा वापरावा आणि वापरलेला तुकडा परत बादलीत घालू नये, बाजूला टाकावा. शेवटी सगळे तुकडे एकदम धुवावेत. पाणी कमी लागते आणि एका खोलीची घाण दुसरीत जात नाही.

क्रमही महत्त्वाचा. आधी देवघर आणि स्वयंपाकघर, मग बैठकीची आणि झोपायची खोली, त्यानंतर व्हरांडा आणि सर्वांत शेवटी न्हाणीघर. संडासाचा पोछा पूर्ण वेगळा हवा. तो इतर कामाला कधीही वापरू नये. पोछा पुसून झालेले पाणी भांडी घासायच्या जागी ओतू नये, संडासात टाकावे.

दांड्याचा पोछा वापरून झाला की तो डोके खाली करून बादलीत उभा ठेवला जातो. ही सर्वांत वाईट सवय. त्याचे डोके वर करून किंवा दांड्याने टांगून, जमिनीला न टेकता, उघड्यावर ठेवावा. फिरत्या बादलीच्या पोछ्याची चकती काढता येते. आठवड्यातून एकदा ती काढून धुवावी. मायक्रोफायबरच्या पोछ्याला ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रव लावू नयेत. त्याचे बारीक तंतू खराब होतात आणि मळ पकडेनासे होतात.

धुवायचे कसे?

रोजच्या फडक्यासाठी वेगळे काही आणावे लागत नाही. आधी फडके झटकून त्याला चिकटलेले कण काढावेत. मग गरम पाण्यात कपड्याचा साबण किंवा पावडर टाकून ते चोळावे, स्वच्छ पाण्यात खळबळावे, घट्ट पिळावे आणि पसरून वाळवावे. तेलकट फडक्यासाठी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकला, तर चिकटपणा सुटतो.

आठवड्यातून एकदा सुती फडकी उकळावीत. जुन्या पातेल्यात, साबणाने धुतलेली फडकी पूर्ण बुडतील इतके पाणी घेऊन, उकळी फुटल्यावर दहा मिनिटे ठेवावीत. उकळल्याने काही चिवट बीजाणू सोडले, तर नेहमीचे रोगजंतू मरतात.

घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील, तर वेगळी काळजी लागते. ती घाण पुसण्यासाठी टाकून देण्याजोग्या चिंध्या वापराव्यात आणि पिशवीत बांधून टाकाव्यात. नेहमीचा पोछा त्यात घालू नये. त्यानंतर जागा साबणाने धुऊन ब्लीचच्या पाण्याने पुसावी. साधारण पाच टक्के तीव्रतेचे द्रव ब्लीच असेल, तर एक लिटर पाण्यात २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे, घेतल्यास ०.१ टक्क्याचे द्रावण होते. पांढरी सुती फडकी आधी साबणाने धुऊन अशा पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवता येतात. हे द्रावण रोज ताजे करावे, गार पाण्यातच करावे आणि हातमोजे घालून वापरावे. मळलेल्या फडक्यावर ब्लीच टाकणे वाया जाते; क्लोरीन मळावरच खर्च होतो.

बाटल्यांचे मिश्रण नको

सणाआधीच्या सफाईत एक अपघात टाळायलाच हवा. संडास साफ करायचे ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले, की विषारी क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात त्याने डोळे झोंबतात, खोकला येतो, श्वास कोंडतो. प्रसंगी जिवावर बेतते. ब्लीचमध्ये अमोनिया असलेले द्रव मिसळले, तरी घातक वायू तयार होतात. ‘दोन औषधे एकत्र केली की दुप्पट सफाई’ हा समज धोकादायक आहे. एका वेळी एकच द्रव वापरावे, दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ब्लीच किंवा ॲसिड शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. तहानलेले मूल बाटलीचे लेबल वाचत नाही.

घरकामाला येणाऱ्या बाईंच्या हातात दिवसभर हेच पाणी असते. त्यांच्यासाठी रबरी हातमोज्यांचा जोड ठेवणे आणि प्रत्येक घराने आपला स्वतःचा, वाळलेला पोछा देणे, हे त्यांच्या आणि घराच्या दोघांच्याही हिताचे.

टेबल पुसणारे फडके

साक्रीवरून सुरत–नागपूर महामार्ग जातो. त्यावर चहाच्या टपऱ्या, खानावळी आणि ढाबे आहेत. अशा कोणत्याही ठिकाणी, मग ते कोणत्याही गावचे असो, खांद्यावरचे एकच फडके टेबलावरून, कपावरून आणि हातावरून फिरताना दिसू शकते. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांनी याची दखल घेतली आहे. भांडी, हात आणि पृष्ठभाग पुसण्यासाठी स्वच्छ कापड असावे. फरशी पुसण्याचे कापड टेबल, कामाची जागा किंवा भांडी पुसायला वापरू नये, असे त्यात सांगितले आहे. ग्राहकाने ताट हवेवर वाळलेले मागितले किंवा पाण्याने खळबळून घेतले, तर त्यात वावगे काही नाही.

मोठ्या सफाईच्या जागी यासाठी रंगांचा वापर होतो. ब्रिटनच्या रुग्णालयांत लाल कापड स्वच्छतागृहासाठी, हिरवे स्वयंपाकासाठी, निळे सर्वसाधारण जागेसाठी, तर पिवळे विलगीकरणाच्या खोलीसाठी असते. घरी रंग विकत आणायची गरज नाही. जुन्या साड्यांचेच रंग वाटून घ्यावेत: भांड्यांना एक, ओट्याला दुसरा, हात पुसायला तिसरा. लहान मुलांनाही हा नियम लगेच कळतो.

काळजी हवी, भीती नको

जिवाणू सगळीकडे असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. घर रुग्णालयासारखे निर्जंतुक करण्याची गरज नाही आणि ते शक्यही नाही. सॅली ब्लूमफिल्ड आणि त्यांच्यासारखे तज्ज्ञ ‘नेमकी स्वच्छता’ सुचवतात: जिथून जंतू पोटात जाऊ शकतात, तिथे आणि तेव्हा काटेकोर राहायचे. कच्चे मांस हाताळल्यावर, संडासातून आल्यावर, बाळाचे लंगोट बदलल्यावर आणि जेवण वाढण्याआधी. बैठकीची फरशी एखादा दिवस पुसली नाही, तरी बिघडत नाही. भांड्यांचे फडके मात्र रोज बदलायला हवे. तान्ही बाळे, वृद्ध, गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि मोठ्या आजारातून उठलेली माणसे ज्या घरात आहेत, तिथे हा नियम अधिक कसोशीने पाळावा.

आणि भांडी पुसलीच पाहिजेत, असेही नाही. घासलेली ताटे जाळीच्या टोपलीत उभी ठेवून निथळू दिली, तर फडक्याचा प्रश्नच उरत नाही.

कानबाईच्या पंगतीत पन्नास ताटे मांडायची असतात, तेव्हा मात्र फडके लागतेच. त्या दिवसासाठी आठवडाभर आधी जुन्या सुती साडीचे डझनभर तुकडे करून, धुऊन, उकळून, वाळवून घडी घालून ठेवले, तर ओले होईल तसे बदलायला हाताशी कोरडे फडके असेल. पितळ उजळण्याइतकेच हेही सणाच्या तयारीचे काम आहे.

थोडक्यात

• भांडी, ओटा, हात आणि फरशी यांसाठी वेगवेगळी फडकी. संडासाचा पोछा पूर्ण स्वतंत्र.

• भांड्यांचे आणि ओट्याचे फडके रोज बदलावे. कच्चे मांस किंवा मासे पुसलेले लगेच धुवायला टाकावे.

• धुणे, घट्ट पिळणे, पसरून वाळवणे. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे उकळणे.

• भांड्यांची घासणी वापरानंतर खळबळून, पिळून, पाणी निथळेल अशा जागी ठेवावी. चिकट झाली किंवा वास येऊ लागला, की बदलावी.

• पोछा डोके वर करून किंवा टांगून वाळवावा. बादलीतही पाणी राहू देऊ नये.

• ब्लीच आणि ॲसिड कधीही एकत्र करू नयेत.

• धुऊन, उकळूनही वास जात नसेल, तर त्या फडक्याचा मोह सोडावा.